झऱ्याची बाटली आणि सहा-दहाची पावलं

३ फेब्रुवारी

धाकटे,

वर्तमानपत्रातला तुझा फोटो पाहिला. आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने कापून माझ्या टेबलावर ठेवला होता, वर म्हणाला, "तुमची बहीण अगदी तुमच्यासारखीच दिसते." मी हसले आणि कात्रण खणात टाकलं.

फोटोत तू आहेस याचं मला काही वाटलं नाही. फोटोत बाबा आहेत. मागच्या अंगणात तू पुरलेल्या भूकंपमापकाच्या झाकणावर हात ठेवून असे उभे आहेत, जणू घरात नातवंड आलंय. मी तेवीस वर्षं याच कामात आहे. बाबा माझ्या प्रयोगशाळेत एकदाच आले, बूट काढा म्हटलं तर दारातूनच परत गेले. माझ्या यंत्रावर त्यांनी कधी हात ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीच ठेवू दिला नसता, पण ते वेगळं.

कामाचं लिहिते. टेकडीखाली काय आहे हे तुझ्या यंत्राने कळणार नाही. तुला फार तर कळेल की चार किलोमीटर खोल काहीतरी मऊ आणि गरम आहे, कारण तिथून जाताना तुझ्या लाटा रेंगाळतात. ते पाणी आहे, वाफ आहे की वितळलेला दगड, हे कोण सांगणार? झऱ्याचं पाणी सांगेल. ते ज्या दगडातून वर आलं त्याचं लिथियम, त्याचं बोरॉन सोबत घेऊन येतं. म्हणून तर बाबा दोन वर्षं रोज सकाळी झऱ्यावर जाऊन माझी बाटली भरतात, तापमान चिठ्ठीवर लिहितात आणि आठवड्याचा खोका पाठवतात. हे कुठल्या वर्तमानपत्रात आलेलं नाही.

एक विचारायचं होतं. बाबांचं या महिन्याचं पत्र मला कार्बनची प्रत म्हणून आलं. निळी, पुसट. दोघींना एकच मजकूर लिहितात ते ठीक आहे, पण मूळ शाईचं पत्र दर वेळी तुलाच का?

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मला आलेलं पत्रही कार्बनचंच आहे. हवं तर पाठवते. मूळ पत्र तुझ्याकडे असणार अशी माझी खात्री होती, आणि तू मुद्दाम मला विचारून खिजवते आहेस असंही वाटलं. कधी कधी तू तसं करतेस.

फोटोवरून तुझ्या पोटात दुखलं हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता माझं ऐक. यंत्र पुरायला मी बाबांकडे चार दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी खड्डा अर्धा खणून झालाय, मी गुडघाभर मातीत, बाबा वरून बादली ओढतायत. सहा वाजून पाच मिनिटं झाली. बाबांनी बादली जागच्या जागी सोडली. म्हणाले, "मोठीच्या बाटलीची वेळ झाली." आणि गेले! मी अर्धा तास खड्ड्यात उभी. सहाशे पावलं जायचं, सहाशे यायचं, तुझ्यासाठी. माझ्यासाठी त्यांना कधी कुठे चालत जावं लागलं नाही, कारण मी कधी काही मागितलंच नाही.

त्यात गंमत म्हणजे तुझी बाटली माझ्या कामात रोज खोडा घालते. यंत्र इतकं तल्लख आहे की बाबा अंगणातून निघाले की त्यांचं पाऊल न् पाऊल इथे माझ्या पडद्यावर उमटतं. सहा-दहाला सुरू, हळूहळू पुसट, मग सत्तावीस मिनिटांनी परत. मला टेकडीचे हादरे हवेत, बाबांचे नकोत. म्हणून सकाळचा तो तुकडा संगणक आपोआप कापतो आणि मी तो बघतही नाही. तुझ्या बाटलीचा आवाज मी रोज केरात टाकते, हे तुला कळवून ठेवते.

आणि "तुझ्या यंत्राने कळणार नाही" हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. काय आहे ते तू सांगशील, पण कुठे आहे हे मी सांगितल्याशिवाय तू काय बाटलीत बघून सांगणार? बाबा आयुष्यभर बोअर मारत फिरले. ते दगडावर हातोडी मारून कान लावायचे आणि मग तोच दगड चाटायचे. दोन्ही करायचे. मोठीने माझी जीभ घेतली आणि धाकटीने कान, असं सगळ्या पाहुण्यांना सांगायचे. यातलं चांगलं कोणतं यावर आपण दोघी जेवणाच्या ताटावरून भांडत उठलो होतो, आठवतंय ना?

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो म्हणून पत्रं लिहा, लिहिताना माणूस निदान वाक्य पुरं करतो, हा बाबांचा नियम. मी वाक्यं पुरी केली आहेत.

तुझी,
धाकटी


२ मार्च

धाकटे,

तुझ्या पत्राने डोक्यात तिडीक गेली होती, पण आता मी मजेत आहे. झऱ्यात काहीतरी घडतंय. काय ते आत्ताच सांगत नाही.

इतकंच सांगते की दोन वर्षं ज्या आकड्यांनी जागा सोडली नाही, त्यांनी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सोडली. मी तीनदा मोजलं. यंत्र धुतलं, पुन्हा मोजलं. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, नमुन्यातच गडबड नसेल ना? मी तिला सांगितलं, नमुने माझ्या वडिलांनी भरलेत. ते बोअरच्या कामावर असताना एका फुटाची खोटी नोंद करायला मालकाने सांगितलं म्हणून नोकरी सोडून आले होते.

जूनच्या परिषदेत या टेकडीवर एकच निबंध घेणार आहेत, हे तुला माहीत असेलच. तूही पाठवणार आहेस हे मला बाहेरून कळलं. तू होऊन सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

तुझ्या त्या मऊ जागेची नेमकी खोली किती, आणि फेब्रुवारीत ती हलली का, एवढं कळव. मला मांडणीसाठी हवं आहे.

ताई


९ मार्च

ताई,

वा! तुझे आकडे कुलुपात आणि माझे मात्र पत्राने कळवायचे. आधी तू दाखव, मग मी दाखवते.

निबंध मी पाठवला आहे. सांगितलं नाही, कारण सांगितलं की तू "अगं पण" म्हणतेस आणि माझा हुरूप जातो. पहिल्या पगारापासून हेच चाललंय.

एक बातमी फुकट देते. हल्ली सकाळचा गोंधळ बराच कमी झालाय. संगणक रोज किती कापलं ते सांगतो, तो आकडा निम्म्याहून खाली आलाय. बाबांना तुझ्या बाटलीचा कंटाळा आला असावा. उरकून येत असतील पटकन. मला काय, माझी नोंद स्वच्छ झाली. हे लिहिताना मला आनंद होतोय, आणि तो झाकायची मला गरज वाटत नाही.

इथे डोंगरमाथ्यावरच्या केंद्रात मी आणि दोन तंत्रज्ञ. वारा इतका की दार उघडायला दोघं लागतात. माझी सगळी यंत्रं वाऱ्याची कुरकुर ऐकतात. बाबांच्या अंगणातलं तेवढं शहाणं आहे.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

माझा निबंध घेतला. कालच पत्र आलं. तुझा घेतला नाही हेही कळलं, आणि मला वाईट वाटलं असं मी लिहिणार होते, पण तू विश्वास ठेवला नसतास.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून तक्ता सोबत जोडते. नीट बघ. लिथियम जवळजवळ शून्यावर. बोरॉन गेलं. मीठ गेलं. आणि जस्त, जे या झऱ्यात कधी नव्हतंच, ते एकाएकी वर. १९ फेब्रुवारीपासून सगळं. याचा अर्थ खालचा जुना रस्ता बुजला आणि झऱ्यात दुसरीकडचं पाणी शिरलं, जस्ताच्या दगडातून आलेलं. अख्ख्या टेकडीचं पोट आतून बदललं आणि ते मी बाटलीतून पाहिलं. तुझ्या कानाला पत्ता लागला नाही, बघ!

तापमान तेवढं कायम आहे, ४८. बाबा रोज लिहितात.

त्यांचं पत्र आलं. तुलाही आलं असेल. "झरा ठीक. यंत्र ठीक. मी ठीक. दोघींनी वेळेवर जेवावं." बोअरच्या रोजनिशीत लिहायचे तसं. माझी प्रत या वेळी इतकी पुसट की भिंगाखाली वाचली. तू नाही म्हणालीस, तरी मूळ पत्र तुझ्याकडेच असणार.

ताई


२ एप्रिल, दुपार

ताई,

हे पत्र लिहून त्याचा फोटो काढून पाठवतेय, पोस्टासाठी थांबता येणार नाही. तुला तीनदा फोन केला. तुझा फोन प्रयोगशाळेबाहेरच्या कपाटात असणार. बाहेर आलीस की आधी हे वाच, शेवटपर्यंत वाच.

तुझा तक्ता सकाळी मिळाला. मी तो चुका काढायलाच घेऊन बसले. अगदी खरं सांगते, माझा तिळपापड झाला होता, आणि तुझ्या तक्त्यात एक तरी भोक सापडू दे असं मनाशी म्हणत होते. सापडलं. दुसरीकडचं थंड पाणी झऱ्यात शिरलं तर तापमान उतरायला हवं. थोडं तरी. तुझ्याकडे महिनाभर ४८, रोज ४८, एका अंशाचाही फरक नाही. खरा थर्मामीटर असं कधी वागत नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. तंत्रज्ञाने वळून बघितलं.

म्हटलं, आता पुरावा काढू. बाबा झऱ्यावर किती वेळ थांबतात, थर्मामीटर नीट बुडवतात की घाईत काढतात, ते मिनिटांवरून कळेल. म्हणून कापलेले सकाळचे तुकडे पहिल्यांदा उघडले.

जानेवारीत पावलं सहा-दहाला सुरू होतात, दूर जातात, सत्तावीस मिनिटांनी परत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेहतीस मिनिटं. १२ तारखेला एक्केचाळीस. १५ला ते बावन्न मिनिटांनी परत आलेत, आणि अंगणात शिरल्यावर दर चार पावलांनी थांबलेत. १९ फेब्रुवारीपासून ते दूर जातच नाहीत, ताई. अकरा पावलं, मग काही नाही, मग अकरा पावलं परत. रोज. अकरा पावलांवर काय आहे ते तुला माहीत आहे. अंगणातला नळ आहे.

तुझं जस्त नळाच्या जुन्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचं आहे.

आणि मार्चअखेरची पावलं मी शेजारी शेजारी लावून बघितली. पाऊल पडतं, मग घसटत दुसरं, मग मोठा खंड. अकरा पावलांना चार मिनिटं. हे मी महिनाभर रोज केरात टाकत होते, आणि गोंधळ कमी झाला म्हणून तुला खिजवत होते.

बाबांना फोन केला. म्हणाले, "मी ठणठणीत आहे." एवढ्या तीन शब्दांत दोनदा थांबले. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना त्यांच्याजवळ बसायला सांगितलंय.

बदली माणूस आल्याशिवाय मला इथून उतरता येणार नाही, चार-पाच दिवस लागतील. तू पाच तासांवर आहेस. जा. कोट काढ आणि जा.

धाकटी


६ एप्रिल

धाकटे,

फोनवर तू हॉस्पिटलचं सगळं ऐकलंस, तरी हे लिहिते, कारण फोनवर मला वाक्य पुरं करता आलं नाही.

मी पोहोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसून होते, पाय सुजलेले, बूट चढत नव्हते म्हणून पायात काकूंच्या नवऱ्याच्या चपला. मला बघून म्हणाले, "खोका तयार आहे, नेतेस का?" डॉक्टर म्हणाल्या, हृदयाची गती फारच मंद झालीय, पेसमेकर बसवावा लागेल, आणखी पंधरा दिवस गेले असते तर बसवायला काही उरलं नसतं. गुरुवारी बसवतायत. तू तोपर्यंत पोहोचशील.

त्यांचे कपडे घ्यायला घरी आले तेव्हा कपाटात ती रोजनिशी सापडली. बोअरच्या कामाची असते तशी, एका पानावर तीन प्रती. ऐक आता. आपल्याला येणारी पत्रं त्यांनी दोन कार्बन घालून लिहिली आहेत. मूळ प्रत वहीतच राहते, प्रती बाहेर जातात, हा त्यांच्या कामाचा चाळीस वर्षांचा नियम. शाईचं पत्र तुलाही कधी आलं नाही आणि मलाही नाही. एका महिन्याला वरचा कार्बन तुला, पुढच्या महिन्याला मला. कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून ठेवलीय, म्हणजे चुकायला नको. आपण दोघी काय जळत होतो!

त्याच वहीत झऱ्याची नोंद आहे. बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी खोटी लिहिली, पण वहीत खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही. "१५ फेब्रु. झऱ्यापर्यंत गेलो. येताना चार ठिकाणी बसलो. १९ फेब्रु. झऱ्याकडे जाववेना. नळाचे पाणी भरले. तापमान घेतले नाही, ४८ लिहिले. मोठीला कळेल." पुढे रोज तेच. "नळ. मोठीला कळेल." "नळ. अजून कळले नाही." २६ मार्चला लिहिलंय, "नळ. यंत्रापाशी जरा उभा राहिलो. धाकटीला ऐकू येत असेल."

धाकटे, मी तेवीस वर्षं पाण्याची ओळख सांगते. झऱ्याचं पाणी खारट आणि तुरट लागतं, लहानपणी आपण ते थुंकायचो. एक थेंब जिभेवर ठेवला असता तरी मला कळलं असतं. मी जीभ ना! पण मला ते जस्त हवं होतं, कारण ते तुझ्याकडे नव्हतं. माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं तेव्हा मी बाबांच्या सचोटीची गोष्ट सांगून तिचं तोंड बंद केलं.

सांगितलं का नाही, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "धाकटीचं यंत्र मी नसलो तरी चालतं. तुझं काम बाटलीवर. बाटली थांबली तर तू मला पत्र कशाला लिहिशील?" बाटली नसती तर मी किती पत्रं लिहिली असती, हे मी मनात मोजून बघितलं आणि मला माझी लाज वाटली.

निबंध परत घेतलाय. तक्त्यात अर्धा महिना झरा आणि सव्वा महिना नळ, तो घेऊन कुठे उभी राहू? १८ फेब्रुवारीपर्यंतचे खरे आकडे तुला पाठवतेय. त्यांच्याशेजारी तुझी खोली मांड. दोघींच्या निबंधावर पहिलं नाव तुझं घाल. हे लिहायला मला दहा मिनिटं लागली, तेव्हा माझा विचार बदलायच्या आत हो म्हण.

ताई


१७ मे

प्रिय ताई,

पहिलं नाव तुझंच घालतेय. उगाच मोठेपणा घेऊ नकोस, आयुष्यभर ऐकवशील. मी खोली सांगितली, पण तिथे पाणी आहे, दगड वितळलेला नाही, हे तुझ्या लिथियम-बोरॉननेच ठरलं. टेकडीखालच्या वस्तीतल्या लोकांना ज्वालामुखीची भीती नाही, हे आता नीट सांगता येईल. मला एकटीला ते सांगता आलं नसतं. हे एकदाच लिहितेय, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

बाबांचे टाके निघाल्याचं वाचलं. तू आणखी महिनाभर रजा वाढवलीस हेही वाचलं. शहाणी आहेस.

आता मूळ मुद्दा. आज सकाळी सहा-दहाला मी नोंद उघडून बसले होते. हल्ली तो तुकडा कापत नाही. उलट आधी तोच बघते, टेकडी नंतर. आज पावलं दोघांची होती. एक बाबांचं, जरा जड, पण न थांबता. दुसरं तुझं. टाच आपटत चालतेस, लहानपणी खालच्या मजल्यावरचे तक्रार करायचे, ते इथे स्वच्छ उमटलंय. अकरा पावलं झाली. मी श्वास धरून बसले. बारावं पडलं, तेरावं पडलं, मग मोजायचं सोडून दिलं. पुसट होत होत दोघं पार दूर गेलात. पंचावन्न मिनिटांनी परत आलात. अंगणात आल्यावर एका जागी थांबलात, माझ्या यंत्रापाशी, आणि कुणीतरी झाकणावर तीनदा टकटक केलं. बोअरवर हातोडीने दगड तपासायचे तशी. ती बाबांचीच.

मी इथे पडद्यासमोर रडत होते. तंत्रज्ञाने विचारलं, मोठा हादरा आहे का? मी हो म्हटलं.

आणि ताई, रडून झाल्यावर मी जळले. चांगली जळले. पंचावन्न मिनिटं बाबा तुला एकटीला, सकाळच्या गारव्यात, झऱ्यापर्यंत! माझ्या वाट्याला नुसती टकटक.

शनिवारी पहाटे पोहोचते. रविवारची बाटली मी भरणार. तू घरात बसून नोंद ऐक, आणि आमची पावलं नीट मोज.

तुझी,
धाकटी